थोडंफारचा चहा

"ड्रॉइंग वाचता येतं?"

"येतं थोडंफार," मी म्हणालो.

कर्णिक मॅडमनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की माझ्या हातून काही सांडलंय का म्हणून मी फरशीकडे पाहिलं.

"उठा, पिंगळे."

"कुठे जायचंय?"

"खाली. आप्पाच्या टपरीवर. दोन चहा घेऊन या. एकात साखर कमी."

मी उठलो. नोकरी मागायला आलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? सातपूरच्या त्या इमारतीत खाली पिठाची गिरणी होती आणि वर कर्णिक मॅडमचं नोकऱ्या लावून देण्याचं ऑफिस. गिरणी सुरू झाली की जिनासुद्धा थरथरायचा. कठड्याला हात लावला की हाताला पीठ लागायचं. जिना उतरताना माझे कान तापले होते. काल-परवापर्यंत अंबडच्या कंपनीत माझ्या सहीशिवाय यंत्रात बसणारा एक बुश, बोटाएवढी धातूची नळी, गेटच्या आत येत नव्हता, आणि आज एक अनोळखी बाई मला चहा आणायला पिटाळत होती.

चहा घेऊन वर आलो, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "बसा. एक कप तुमचा आहे. हा अपमान नाही, दंड आहे. या ऑफिसात जो 'थोडंफार' म्हणतो, तो चहा आणतो. मी म्हटलं तर मीसुद्धा."

"पण मॅडम, ते आपलं बोलण्याची पद्धत म्हणून..."

"तेच तर. ड्रॉइंग वाचता येतं का?"

"येतं."

"कसं येतं?"

आता 'छान येतं' कसं म्हणायचं? आमच्या घरात असं बोलणारा माणूस एकच होता, आमचे एक दूरचे काका, आणि त्यांना बघून सगळे तोंड लपवून हसायचे.

"प्या चहा," बाई म्हणाल्या. "गार होतोय."

ही गोष्ट दोन हजार नऊची. अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या आणि इकडे अंबडमध्ये आमच्या कंपनीची आधी रात्रपाळी बंद झाली, मग दुपारची, आणि मग सुटे भाग तपासणाऱ्या आम्हा मंडळींना साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. या दोन गोष्टींचा नेमका संबंध काय, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. पेपरात रोज 'मंदी' हा शब्द असायचा. आमच्या कॉलनीत सकाळी दहाला पुरुषमाणसं गॅलरीत दिसू लागली, तेव्हा मला तो शब्द कळला.

नोकरी गेल्याचं घरी लपवलं वगैरे नाही. उज्ज्वलापासून काही लपवणं तसंही माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तिने ऐकलं, जरा वेळ माझ्याजवळ बसली आणि मग म्हणाली, "बरं झालं. माळ्यावरचा पंखा केव्हाचा दुरुस्त करायचाय." नंतर स्वयंपाकघरात जाऊन तिने नाक ओढलं, तेही मला ऐकू आलंच.

दुसऱ्या दिवशी अमळनेरहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे सासरे, काशिनाथ येवले. अमळनेरच्या बाजारपेठेत त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं आणि प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान. उज्ज्वला एकुलती एक. सासूबाई गेल्यापासून तात्या एकटेच राहायचे.

"जावईबापू, काय करू राहिले?"

"काही नाही तात्या, बघतोय इकडेतिकडे."

"इकडेतिकडे कशाला बघता? घरचं दुकान आहे. या तुम्ही सगळे. जूनमध्ये गार्गीचं नाव इथल्या शाळेत घालू. तुमचंही भागेल आणि मलाही थोडीफार मदत होईल."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. तात्या देवमाणूस, तीच तर अडचण होती. खडूस सासरा असता तर मी तोंडावर नाही म्हणालो असतो. माझ्या डोळ्यांपुढे मला मीच दिसू लागलो: अमळनेरच्या उन्हात, गल्ल्याच्या मागे, डोक्यावर टांगलेल्या बादल्या, आणि येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंय, "हे कोण? येवलेशेठचे घरजावई का?" मी मायक्रोमीटर धरणारा माणूस. केसाच्या जाडीइतकी चूकसुद्धा मला झोपू देत नसे. लोकांना बादलीचे रंग दाखवत उरलेला जन्म काढायचा, या कल्पनेने मला जेवण जाईना.

"शाळा सुरू व्हायच्या आत इथे काही जमलं तर ठीक," मी उज्ज्वलाला म्हणालो. "नाही तर जाऊ अमळनेरला."

"आणि तुम्ही बादल्या विकायला लागलात की पहिलं गिऱ्हाईक मी," ती म्हणाली. "पण भाव करीन हं."

त्या संध्याकाळी मी तिला कर्णिक मॅडमचा दंड सांगितला. ती इतकी हसली की पोळी करपली.

"अहो, बाईंचं खरंच आहे. आपलं लग्न कसं जमलं, विसरलात?"

ते कसं विसरेन? कांदेपोह्यांच्या वेळी माझ्या आईने तिला विचारलं होतं, "स्वयंपाक येतो का गं?" आणि उज्ज्वला मान खाली घालून म्हणाली होती, "येतो थोडाफार." आई जाम खूश. परतीच्या वाटेवर सगळ्यांना सांगत सुटली, पोरगी सुगरण असून बघा किती नम्र आहे! लग्नानंतर पहिल्यांदा तिने पिठलं केलं. ते भिंतीच्या भेगेत भरता आलं असतं.

"मी खरं तेच सांगितलं होतं," उज्ज्वला म्हणाली. "मला थोडाफारच येत होता. तुमच्या आईंना सुगरण ऐकू आली, त्याला मी काय करू?"

गार्गी जमिनीवर बसून डब्यातले शेंगदाणे खात होती. तो डबा तात्यांनी तिच्या वाढदिवसाला पाठवला होता. तात्या भांड्यांवर नावं घालून द्यायचे. विजेच्या त्या छोट्या यंत्राने, घर्रर्र आवाज करत, अगदी छापल्यासारखं अक्षर काढायचे. लग्नाच्या आंदणाची भांडी लोक त्यांच्याकडूनच न्यायचे, ती या अक्षरापायी. पण या वेळी घाईत रफार राहिला आणि डब्यावर 'गार्गी'च्या जागी 'गागी' आलं होतं. आम्ही पोटभर हसलो होतो आणि पोरीचं नाव तेव्हापासून घरात गागीच पडलं होतं. तिला त्याचा भयंकर राग यायचा.

कर्णिक मॅडमकडे मी जात राहिलो. त्या पूर्वी एका कारखान्यात माणसं भरती करायच्या. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी हे ऑफिस टाकलं. बांगड्यांचा आवाज नाही, आवाजात साखर नाही. गुडघ्यांनी बेजार, पण आलेल्या माणसाला ताठ बसायला लावायच्या. त्यांच्याकडे त्या दिवसांत देण्यासारख्या नोकऱ्या जवळजवळ नव्हत्याच, हे मला लवकरच कळलं. तरी ऑफिस रोज उघडायचं आणि टेबलावरचं पीठ रोज पुसलं जायचं.

"कुठलं काम शोधताय?" त्यांनी विचारलं.

"कुठलंही चालेल, मॅडम."

"मला नाही चालणार. कुठलंही काम कोण देतं? समोरच्याला काय हवंय ते त्यालाच माहीत नसतं हल्ली. तुम्हीही तेच म्हणालात तर दोघं मिळून काय शोधणार? काम सांगा."

"तपासणी. क्वालिटी."

"कसं येतं?"

"तसं बऱ्यापैकी..."

बाईंनी खिडकीबाहेर, टपरीच्या दिशेने पाहिलं.

"'बऱ्यापैकी'लाही दंड आहे?"

"ते थोडंफारचंच चुलत भावंड आहे. जा."

आप्पा टपरीवाला मला ओळखू लागला. मला बघितलं की विचारायचा, "काय साहेब, परत म्हणालात?" गिरणीवाला हसायचा. एकदा तर मी वर जाण्याआधीच आप्पाने दोन ग्लास भरून ठेवले होते. मी रागावलो, पण खरं सांगायचं तर त्या दिवशीही लागलेच.

मग एका दुपारी बाईंनी अगदी वेगळाच प्रश्न विचारला. "पिंगळे, कंपनीत तुमच्यावर कोण चिडून होतं?"

"चिडून? मॅडम, मी कुणाशी भांडलेलो नाही."

"भांडण नाही म्हणत मी. माल परत पाठवायचात ना? कुणाचा पाठवला?"

"ते बऱ्याच जणांचा. सगळ्यात जास्त सिन्नरच्या सबनीसांचा. त्यांचे बुश मी परत पाठवायचो. एकदा ते स्वतः आले होते, आमच्या साहेबांसमोर मला नको नको ते बोलले."

"मग?"

"मग परत मोजून दाखवले. पुढचा लॉट नीट आला."

बाईंनी टेबलावरचं पीठ बोटाने पुसलं. मग म्हणाल्या, "मंदीत ओळखीची माणसं दार लावून घेतात. त्यांना वाटतं, हा आता मागायला आला. पण ज्याचा माल तुम्ही परत पाठवला, तो तुमचं काम आमच्यापेक्षा जास्त ओळखतो. सबनीसांकडे जा. माणूस पाहिजे आहे त्यांना, मला माहीत आहे."

"तुम्ही फोन करता का?"

"नाही." त्या एवढं पटकन म्हणाल्या की मी बघतच राहिलो. "तुम्ही थेट जायचं. आणि माझं नाव सांगायचं नाही."

"का?"

"सांगायचं नाही म्हटलं ना? आणि तोंडातून तो शब्द काढायचा नाही. बाकी काय वाटेल ते बोला."

सिन्नरला एसटीने गेलो. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. उज्ज्वलाने निघताना हातावर दही ठेवलं होतं. गार्गी म्हणाली होती, "बाबा, थोडंफार म्हणू नका हं," तिलाही आता पाठ झालं होतं.

सबनीस केबिनमध्ये एकटेच होते. जाड भुवयांचा, खर्जातल्या आवाजाचा माणूस. मला बघून त्या भुवया वर चढल्या.

"तुम्ही ते बुश परत पाठवणारे पिंगळे ना?"

"हो."

"दोनदा पाठवलेत."

"तीनदा," मी म्हणालो आणि जीभ चावली.

ते हसले नाहीत. माझे कागद चाळले, बाजूला ठेवले. "सीएमएम चालवता येतं का?"

सीएमएम म्हणजे मोजमाप करणारं कॉम्प्युटरचं मशीन. आमच्या कंपनीत ते काचेच्या थंडगार खोलीत होतं. त्याचा ऑपरेटर वेगळा. मी कधी पार्ट ठेवून द्यायचो, मशीनमधून निघालेला रिपोर्ट रोज वाचायचो. आता याला येतं म्हणायचं की येत नाही म्हणायचं? अशा जागेसाठीच तर आपल्याकडे तो शब्द आहे. तो माझ्या ओठांपर्यंत आला. 'येतं थो' इतकं तर जवळजवळ झालंच होतं. आणि त्या थंड केबिनमध्ये मला आप्पाच्या चहाचा, आल्याचा वास आला.

"येत नाही," मी म्हणालो. "रिपोर्ट वाचता येतो. मशीन चालवता येत नाही."

झालं, मी मनात म्हटलं. अमळनेर. बादल्या. निळ्या, हिरव्या, लाल.

"मग काय येतं?"

"सरफेस प्लेटवरची मोजणी येते. हाइट गेज, मायक्रोमीटर येतो. ड्रॉइंग कुठलंही द्या, वाचून दाखवतो."

"चांगलं येतं?"

"चांगलं येतं."

असं म्हणून मला वाटलं, आपण बनियनवर रस्त्यात उभे आहोत. कान लाल झाले. सबनीस उठले, मागच्या कपाटातून एक छोटी डबी काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. आत पेन्सिलच्या टोकाएवढी एक सुई होती. तिच्या टोकाला माणकाचा बारीक मणी असतो. तो फुटलेला होता आणि सुई वाकलेली.

"ओळखलंत?"

"सीएमएमचा प्रोब."

"गेल्या हिवाळ्यात एक मुलगा आला. मी हाच प्रश्न विचारला. म्हणाला, येतं थोडंफार. मला वाटलं, पोरगा विनयाने बोलतोय. हुशार माणसं तशीच बोलतात ना आपल्याकडे? पहिल्याच दिवशी त्याने प्रोब पार्टवर असा आपटला की ही सुई गेलीच, वरचं हेडही गेलं. मशीन अजून बंद आहे." ते खुर्चीत बसले. "त्याला मी काही बोललो नाही. त्याने खरंच सांगितलं होतं. त्याला थोडंफारच येत होतं."

मला पिठलं आठवलं. मी ओठ घट्ट दाबून धरले.

"मात्र ज्या बाईंनी त्याला पाठवलं, त्यांचा फोन मी तेव्हापासून घेतला नाही," सबनीस म्हणाले. "नंतर दहा जणांना तोच प्रश्न विचारला. सगळ्यांना थोडंफार येतं. नाही म्हणणारे तुम्ही पहिले. तुम्हाला कुणी पाठवलं?"

इथे मी पुरता अडकलो. नाव सांगायचं नाही, अशी ताकीद होती. पण महिनाभर रोज जिने चढून-उतरून माझ्या तोंडाची मधली वाटच बंद झाली होती. हो किंवा नाही, एवढंच शिल्लक होतं.

"कर्णिक मॅडमनी," मी म्हणालो. "पण नाव सांगू नका म्हणाल्या होत्या."

त्या जाड भुवया पुन्हा वर चढल्या आणि मग तो खर्जातला माणूस जो हसायला लागला, तो टेबलावर हात आपटेपर्यंत हसला. मशीन दुरुस्त होऊन येईल तेव्हा शिकवायला कंपनीचा माणूस येणार होता. मशीनचं काहीच न येणारा पण मोजमाप पक्कं असलेला माणूस त्यांना हवा होता. "एक जूनला हजर व्हा," ते म्हणाले. "आणि बाईंना सांगा, उद्या फोन करतो. घेतला तर बरं."

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन सातपूरला गेलो. बाईंनी सगळं ऐकलं. डबीचं ऐकताना चष्मा काढला आणि तो पुसतच राहिल्या.

"तो मुलगा मीच पाठवला होता," त्या म्हणाल्या. "मीही विचारलं होतं त्याला. तो मला जे म्हणाला, तेच मी सबनीसांना कळवलं. मला वाटलं, नम्र आहे. इतकी वर्षं माणसं पारखली, पिंगळे, आणि मी एका शब्दाला फसले. बोलणारा स्वतःला वाचवतो आणि ऐकणारा त्याला हवं ते ऐकतो." मग त्यांनी पेढा तोंडात टाकला. "नाव सांगितलंत म्हणजे."

"तुम्हीच 'हो की नाही' शिकवलंत."

"हं," त्या म्हणाल्या, पण खूश झालेल्या दिसल्या. निघताना मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "हे फक्त मुलाखतीपुरतं नाही, बरं का. बाहेरही वापरून बघा." मी हो म्हणालो आणि विसरून गेलो. नोकरी लागलेल्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी अमळनेरला फोन लावला. आवाजात जरा तोरा होता, नाकारत नाही.

"तात्या, नोकरी लागली. सिन्नरला."

"अरे वा, वा! जावईबापू, फार चांगलं झालं. उज्जूला द्या, नाही, असू द्या, तिचं काम चाललं असेल." ते थांबले. "म्हणजे आता इकडे येणं होत नाही."

"नाही ना तात्या."

"बरं बरं. माझं काय, चालू राहिलं थोडंफार."

फोन ठेवायला माझा हात खाली आलाही होता. पण महिनाभर त्या शब्दासाठी मी जिने उतरलो होतो. तो नुसता ऐकूनसुद्धा माझे पाय हलले. समोर उज्ज्वला लाडू वळून डब्यात भरत होती. डब्यावर लिहिलं होतं, गागी.

ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या लेकीबाळींची नावं कोरली, तो नातीच्या नावातला रफार विसरेल?

"तात्या," मी म्हणालो, "भांड्यांवर नावं अजून तुम्हीच घालता?"

"मग कोण घालणार?"

"दिसतं का तुम्हाला?"

"दिसतं की थोडंफार."

"तसं नाही. हो की नाही, सांगा."

पलीकडे दुकानातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. उज्ज्वलाचा हात लाडवावर तसाच थांबला.

"नाही दिसत, जावईबापू," तात्या म्हणाले. "दिवाळीपासून नाही दिसत. मोतीबिंदू म्हणे, दोन्ही डोळ्यांत. परवा एका लग्नाच्या हंड्यावर नवरीच्या सासूचं नाव नवरीच्या जागी घातलं. लोक चांगले, हसले आणि घेऊन गेले. भांडी हाताने चाचपून ओळखतो. तुम्हाला बोलावलं ना, ते उगाच नव्हतं बोलावलं. पण जावयाला कसं म्हणायचं की मला गरज आहे? तुमची नोकरी गेली तेव्हा मला वाटलं, आता विचारता येईल. वाईट वाटलं मला तसं वाटल्याचं."

महिनाभर मी ज्या बोलावण्याला उपकार समजून घाबरत होतो, ती एका म्हाताऱ्या माणसाची हाक होती आणि मला त्यात फक्त बादल्या दिसल्या होत्या. तात्यांचा आवाज उज्ज्वलापर्यंतही पोचला होता, तिने माझ्या हातातून फोन घेतला. लाडवाच्या तुपाने तो बरबटला. ती रडत रडत वडिलांना इतकं रागावली, इतकं रागावली, की शेवटी तात्यांनीच तिची समजूत घातली.

एक जूनला अजून वेळ होता. मी सामान बांधलं.

आणि मग तो सबंध मे महिना मी अमळनेरला बादल्या विकल्या. धुळ्याला तात्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. ते आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडायचे आणि मी गल्ल्यावर. उन्हाने बाजारपेठ भाजून निघायची. पहिल्याच दिवशी एका आजीबाईंनी विचारलं, "तू येवलेशेठचा घरजावई का रे भाऊ?" मी म्हणालो, "हो, एक जूनपर्यंत." आजीबाईंनी मला निरखून पाहिलं आणि एक लाल बादली घेतली. मला कसलं म्हणून वाईट वाटलं नाही. उलट बादल्यांची तोंडं गोल आहेत का, हे मी मोजपट्टीने तपासू लागलो, तेव्हा तात्या आतून ओरडले, "जावईबापू, सगळ्या परत पाठवाल तर विकाल काय?"

उज्ज्वला खरंच बादली घ्यायला आली. भाव केला.

मे संपता संपता डॉक्टरांनी काळा चष्मा काढून नव्या नंबरचा दिला. त्या संध्याकाळी तात्या पहिल्यांदा दुकानात येऊन बसले. गल्लीत सावली उतरली होती, नुकतंच पाणी मारलेल्या रस्त्याचा वास येत होता. तात्या एकेक भांडं हातात घेऊन बघत होते, पण चाचपत नव्हते.

"तात्या, आता दिसतं ना?" मी विचारलं.

"दिसतं की थोडंफार."

गार्गी बादल्यांच्या चळतीवरून उडी मारून खाली आली. "आजोबा म्हणाले! आजोबा, चहा आणा! चार!"

तात्यांना नियम समजावून सांगावा लागला. "असं आहे का?" ते म्हणाले आणि उठले. उज्ज्वला म्हणाली, "अहो तात्या, नका, रस्ता आहे," मीही उठलो. तात्यांनी हाताने आम्हाला थांबवलं. स्टीलचा एक नवा ट्रे काखेत मारला, पायरी उतरले, एका सायकलवाल्याला हात करून थांबवलं, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेले. आम्ही तिघंही दुकानाच्या दारात उभे. परत येताना ट्रेमध्ये चार ग्लास काठोकाठ भरलेले होते. तात्यांची नजर ग्लासांवर नव्हती, समोर, आमच्याकडे होती. ट्रे खाली ठेवला तेव्हा तो कोरडा होता.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "गार्गीबाई, तो डबा आण."

डबा मांडीवर घेऊन त्यांनी यंत्राची वायर लावली. घर्रर्र. एकच क्षण. मग फुंकर मारून पदरासारखा खांद्यावरचा पंचा ओढला, डबा पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"तपासा, इन्स्पेक्टरसाहेब."

मी डबा उजेडाकडे नेला. जुनी अक्षरं जरा काळवंडली होती आणि त्यावर नवा, लखलखीत रफार 'गी'च्या डोक्यावर नेमका बसला होता. मी वाकून सगळ्या बाजूंनी पाहिला. परत पाठवण्यासारखं काही नव्हतं.

"येतं तुम्हाला, तात्या," मी म्हणालो.

तात्यांनी चष्मा नीट केला.

"चांगलं येतं," ते म्हणाले.